हायवेला थंड, सिग्नलला गरम: मामांच्या जुन्या गाडीचं प्रकरण

मामांची गाडी १७ वर्षं जुनी आहे, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मीटरवर १ लाख ६० हजारच्या पुढे आणि पहिल्या दिवसापासून मामांच्याच हातातली. तक्रार एका ओळीत सांगायची तर चालती असली की थंड, उभी राहिली की गरम. हायवेला दोन तास ८० च्या स्पीडने न्या, टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या जरा खाली असतो आणि तिथून हलत नाही. तीच गाडी ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं उभी राहिली, एसी चालू असेल तर त्याच्याही आधी, काटा वर सरकायला लागतो आणि एकदा तर बाटलीतून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) उकळून रस्त्यावर आलं. परत गाडी पळायला लागली की पाच मिनिटांत काटा खाली.

मी हात लावायच्या आधी चार महिन्यांत काय काय झालं होतं ते सांगतो, कारण त्यातलंच एक काम मला आधी उलटं करावं लागलं. कूलंट बदललं. रेडिएटरचं (कूलंट जिथे हवेने थंड होतं ती पुढची जाळी) झाकण बदललं, ते खरंच गेलेलं होतं आणि उकळून बाहेर आलं ते त्याच्यामुळेच. थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बदलला, फरक पडला नाही म्हणून मग तो काढूनच टाकला, "आता पाणी मोकळं फिरेल" असं सांगून. फॅन बघितला, फिरतोय म्हणून ओके. आणि शेवटी निष्कर्ष निघाला की हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) गेलंय, इंजिन उघडावं लागेल. तेव्हा मामांचा फोन आला, "अरे इंजिन उघडायचं म्हणतायत, तू एकदा येऊन बघशील का?" मी म्हणलं मामा, दोन दिवस द्या, तोपर्यंत कुणाला नट पण सोडवू देऊ नका.

गाडी बघायच्या आधी मी फक्त प्रश्न विचारले, अर्धा तास. मामा गाडी रोज चालवतात, त्यांना जे माहितीये ते स्कॅनरला (गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र) माहिती नसतं. त्यातली दोन उत्तरं मी वहीत लिहून ठेवली होती. एक म्हणजे, "रात्री जास्त गरम होते रे, हवा थंड असून पण." आणि दुसरं, "तो उजवा हेडलाईट कधीकधी मंद होतो, बल्ब बदलला तरी तसंच." त्या वेळी मला या दोघांचा संबंध लागला नाही. रात्री हवा थंड असताना गाडी जास्त गरम होणं हे उलटंच आहे, म्हणून लिहून घेतलं एवढंच.

आता हायवेला थंड आणि उभी असताना गरम याचा अर्थ काय. ८० च्या स्पीडला लिटरमागे १६ किलोमीटर धरलं तर ही गाडी तासाला ५ लिटर पेट्रोल जाळते. उभी असताना असं इंजिन तासाला साधारण पाऊण ते एक लिटर जाळतं. जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेतला ढोबळमानाने तिसरा हिस्सा कूलंटला झेलावा लागतो, म्हणजे हायवेला रेडिएटर पाचपट तरी जास्त उष्णता बाहेर टाकतोय आणि ती आरामात टाकतोय. मग रेडिएटर आतून चोक असेल किंवा थर्मोस्टॅट अडकला असेल तर बोंब आधी हायवेला व्हायला पाहिजे, ट्रॅफिकमध्ये नाही. उभी राहिल्यावर दोनच गोष्टी कमी होतात: समोरून येणारी हवा आणि वॉटर पंपाचा स्पीड, कारण पंप इंजिनवर फिरतो. हवा पूर्णपणे फॅनच्या भरवशावर येते. त्यामुळे माझा पहिला संशय फॅन आणि हवेच्या वाटेवर, दुसरा पंपावर, आणि हेड गॅस्केट बराच मागे. पण इंजिन उघडायची गोष्ट गॅस्केटवरून निघाली होती म्हणून तपासायला सुरुवात मी तिथूनच केली, मामांच्या डोक्यावरचं ओझं आधी उतरलं पाहिजे.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडलं. (गरम इंजिनचं झाकण कधीच उघडू नका, आत प्रेशरखाली १०० च्या वरचं पाणी असतं आणि झाकण सैल झालं की ते एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. आणि इलेक्ट्रिक फॅन बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असताना पण अचानक सुरू होतो, बोट घालायच्या आधी त्याचा कप्लर, म्हणजे वायरींचा प्लग, काढा.) लेव्हल रेडिएटरमध्ये बघितली, नुसती बाटलीत नाही, कारण बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं होऊ शकतं. लेव्हल बरोबर होती, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ काही नाही, ऑईल स्वच्छ. मग सगळ्यात आधी थर्मोस्टॅट परत बसवला, ८२ डिग्रीला उघडणारा.

याबद्दल जरा बोलतो कारण हा उपाय सर्रास केला जातो. थर्मोस्टॅट काढला की इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, थंड इंजिन म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल देत राहतो, अ‍ॅव्हरेज जातं, आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तो नसला की ती वाट कायम उघडी राहून गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता तसाच परत इंजिनमध्ये जातो. म्हणजे थंड करायला काढला आणि गरम व्हायचं अजून एक कारण तयार झालं. शिवाय तो नसताना घेतलेल्या कुठल्याच रीडिंगवर विश्वास ठेवता येत नाही.

गाडीचं नाक जरा उंच राहील अशी उभी करून, हीटर फुल गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून कूलंटमध्ये अडकलेली सगळी हवा काढली. बुडबुडे यायचे बंद झाले आणि परत आले नाहीत. मग ब्लॉक टेस्टर लावला, ती निळ्या पाण्याची नळी असते, रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढायची, जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळं पाणी पिवळं पडतं. पाच मिनिटं आयडलला (रेस न देता) आणि दोन मिनिटं २००० आरपीएमला ओढलं, निळं ते निळंच. थंड स्टार्टनंतर पहिल्या मिनिटात वरचा होस पाईप दाबून बघितला, मऊ होता, गॅस्केट फुटलेलं असतं तर इंजिन थंड असतानाच तो फुगून कडक झाला असता. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. यातली एक टेस्ट एकटी पुरेशी नाही पण सगळ्या एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर गॅस्केट बाजूला ठेवायला हरकत नाही. मामांना तेव्हाच सांगून टाकलं की इंजिन उघडायचं नाहीये.

पुढचा टप्पा स्कॅनर, आणि डॅशबोर्डवरच्या काट्यावर अजिबात विसंबू नका असं मी कळकळीने सांगेन. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम असा केलेला असतो की साधारण ७५ ते १०५ डिग्रीपर्यंत तो मध्येच उभा राहतो, म्हणजे काटा हलायला लागला तोपर्यंत उशीर झालेला असतो. मी गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला साधा ओबीडी अ‍ॅडॅप्टर लावून मोबाईलवर लाइव्ह डेटा बघितला आणि सेन्सर खोटं बोलत नाही ना हे बघायला थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटर मारला, दोन डिग्रीचा फरक, चालेल.

बाहेर ३४ डिग्री, गाडी न्यूट्रलला, एसी बंद. ८३ च्या आसपास वरचा पाईप गरम झाला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. ९६ ला फॅन सुरू झाला. इथे टेम्परेचर खाली येऊन ९१ च्या आसपास फॅन बंद व्हायला पाहिजे होता. तसं झालं नाही. ९७, ९८, ९९, मग १०१ ला जाऊन तिथेच थांबलं आणि फॅन फिरतोच आहे. काटा तेव्हा पण मध्येच! एसी लावला तर सहा मिनिटांत १०६, मी १०८ ला इंजिन बंद केलं. ५०-५० मिक्स कूलंट ०.९ बारच्या झाकणाखाली १२० च्या पुढे उकळतं, त्यामुळे १०८ ला उकळायची भीती नव्हती, पण आलेख वरच चालला होता, तो कुठे थांबेल ते बघायची गरज नव्हती.

या टेस्टमध्येच पंपाचं पण उत्तर मिळालं. खालचा होस पाईप पण चांगला गरम होता, म्हणजे पाणी रेडिएटरमधून आरपार फिरतंय, फक्त तिथे थंड होत नाहीये. वरचा गरम आणि खालचा थंडगार असता तर पाणी अडतंय असं धरलं असतं. आयडलला हीटरमधून कडक गरम हवा येत होती, पंप मेलेला असेल किंवा हवा अडकली असेल तर ती आयडलला कोमट होते. आणि गाडी उभीच ठेवून २५०० आरपीएमवर रेस धरली तेव्हा टेम्परेचर उतरलं नाही, उलट १०३ झालं. पंप कमजोर असता तर जास्त आरपीएमला पाणी जोरात फिरून थोडं तरी उतरलं असतं. राहिली हवा.

फॅन. चार महिन्यांत तीन जणांनी बघितला होता आणि तिघांनी ओके दिला होता, कारण तो फिरत होता. मी पण आधी तेच बघितलं, वेळेवर सुरू होतोय, योग्य दिशेला फिरतोय, हवा इंजिनकडे येतेय. एकाने तर म्हणे मल्टिमीटर पण लावला होता, कप्लर काढून त्यात पिना घातल्या, साडेतेरा व्होल्ट, म्हणजे सप्लाय बरोबर. ती मापायची पद्धतच इथे घात करते. कप्लर काढला की वायरमधून करंट वाहतच नाही, आणि करंट वाहत नसेल तर गंजलेल्या जोडावर व्होल्टेज पडत पण नाही, मीटरला पूर्ण बॅटरीच दिसते. टेस्ट लॅम्पचं तेच, तो इतका कमी करंट घेतो की सडक्या जोडातून पण पेटतो. फॅनला दहा-पंधरा अँपिअर लागतात, तेव्हा त्या जोडाची खरी परीक्षा होते.

म्हणून मी आधी मोटरच वेगळी काढून तपासली. कप्लर सोडवला आणि जाड वायरने, मधे फ्यूज घालून, फॅन थेट बॅटरीवर लावला. आवाज ऐकून मामा आतून बाहेर आले. "हा असा आवाज आधी यायचा!" म्हणाले, आणि मला त्याच क्षणी कळलं की आपण बरोबर जागी आलोय. चार महिने, कदाचित त्याच्या पण आधीपासून, फॅन अर्धपोटी फिरत होता आणि आवाज इतका हळूहळू कमी झाला की रोज ऐकणाऱ्याला पण कळलं नाही. मोटर चांगली, खाणं कमी पडतंय.

आता कप्लर परत जोडला, फॅन गाडीच्या स्वतःच्या वायरिंगवर चालू ठेवला आणि मागून बारीक पिना घालून मोजलं. बॅटरीवर १३.६ व्होल्ट. फॅनच्या दोन वायरींमध्ये १०.४. मग ३.२ व्होल्ट गेले कुठे? बॅटरीच्या प्लसपासून फॅनच्या प्लसपर्यंत ०.४, म्हणजे फ्यूज, रिले, वायर सगळं मिळून ठीकच. फॅनच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत २.८. ही अर्थची बाजू, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट, आणि चांगल्या अर्थला इथे ०.१ किंवा ०.२ दिसायला पाहिजे. सापडलं.

आणि मग मामांचं रात्रीचं वाक्य आठवलं. हेडलाईट लावले. बॅटरी १३.३, फॅनवर ९.५, अर्थच्या बाजूला ३.४. उजवा हेडलाईट पिवळट. फॅनचा कप्लर काढला तर तोच हेडलाईट उजळला! दोघांचा अर्थ एकाच बोल्टवर होता, उजव्या हेडलाईटच्या मागे, रेडिएटरच्या चौकटीच्या पत्र्यावर. रात्री दिवे लागले की तोच सडका जोड फॅनचा आणि दिव्याचा दोघांचा करंट वाहून न्यायचा, दोघांनाही कमी मिळायचं, फॅन अजून मंद व्हायचा आणि गाडी थंड हवेत जास्त गरम व्हायची. बल्ब बदलून काही होणारच नव्हतं. मामांनी हे दोन्ही आधी पण सांगितलं होतं, फक्त कुणी ऐकून घेतलं नव्हतं, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटलं, कारण पूर्ण निदान त्या दोन वाक्यांतच होतं.

बोल्टला हात लावला तर चटका. ११ अँपिअर आणि २.८ व्होल्ट म्हणजे तिथे ३० वॅट जळत होते, एक सोल्डरिंग आयर्न होईल एवढे. सोडवला तर खाली पत्र्याचा रंग उठून गंज, वायरीची रिंग काळी-हिरवी. पत्रा घासून चकचकीत केला, रिंग कापून नवीन क्रिंप केली, नवीन बोल्ट, वर व्हॅसलीनचा थर, आणि फॅनसाठी एक वेगळी जाड अर्थ वायर थेट बॅटरीच्या मायनसला ओढली, म्हणजे परत हेडलाईटशी वाटणी नको. आता बॅटरी १३.५, प्लस बाजूला ०.४, अर्थ बाजूला ०.१, फॅनवर १३.०.

टेस्ट परत पहिल्यापासून घेतली. एसी बंद, ९६ ला फॅन सुरू, चार मिनिटांनी ९१, फॅन बंद. मी खूश, हत्यारं आवरायला घेतली. पण एसी लावून बघितलं तर १०२ ला जाऊन टेकलं. चढत नव्हतं, पण एसी लावल्यावर हा फॅन सलग चालतो, मग पूर्ण ताकदीच्या फॅनला १०२ का? दोषाचं एक कारण सापडलं की माणूस शोधणं थांबवतो, मी पण थांबणारच होतो. जुन्या गाडीत दोन अर्धे दोष मिळून एक तक्रार तयार होते हे मी आता प्रत्येक वेळी स्वतःला बजावतो.

जाळीसमोर कागद धरला. वरच्या अर्ध्यात तो ओढून चिकटला, खालच्या अर्ध्यात सोडला की पडला. म्हणजे खालच्या भागातून हवाच येत नाही. पुढून बघितलं तर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे असलेली एसीची जाळी) स्वच्छ, मामा दर आठवड्याला पाईपने धुतात. पण कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे जी बोटभर फट असते तिच्यात वरून टॉर्च मारला तर खाली राखाडी नमद्यासारखा थर, धूळ, केस, किडे, पानांचा चुरा सगळं एकजीव. पुढून पाणी मारून मारून ती घाण आत ढकलली गेली होती, कंडेन्सरच्या बारीक फटींतून गेली आणि रेडिएटरवर अडकली.

फॅनची चौकट काढली, कूलंट काढलं, रेडिएटर वरून सोडवून मागे झुकवला, एसीचे पाईप न उघडता दोघांच्या मधे हात जाईल एवढी जागा झाली. आधी मऊ ब्रशने थर उचलला, मग इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला, म्हणजे घाण आली त्याच्या उलट, साध्या पाण्याने धुतलं. प्रेशर वॉशर इथे नको, फिन्स (जाळीच्या पातळ पत्र्या) आडव्या पडल्या की ती जागा कायमची बंद. रेडिएटरच्या कडेने फोमच्या पट्ट्या असतात त्या भुगा होऊन गेल्या होत्या, नवीन लावल्या. त्यांना कुणी महत्त्व देत नाही पण उभ्या गाडीत त्या नसल्या की रेडिएटरमधून निघालेली गरम हवा कडेने परत पुढे येते आणि फॅन तीच हवा पुन्हा ओढतो. चालत्या गाडीत समोरचा वारा हे होऊ देत नाही.

दोन दोष एकत्र एवढे का बाधले तेही सांगतो. फॅनचा स्पीड २० टक्के कमी झाला तर मोकळ्या वाटेवर हवा पण साधारण तेवढीच कमी होते. पण फॅन जेवढा दाब तयार करतो तो स्पीडच्या वर्गाने बदलतो, ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.६४, दाब तिसऱ्या हिश्श्याने गेला. वाट चोंदलेली असेल तर हवा पलीकडे ढकलायला दाबच लागतो, आणि नेमका तोच नव्हता.

सगळं जोडून, ५०-५० कूलंट भरून, हवा काढून शेवटची टेस्ट. एसी बंद: ९६ ला सुरू, दोन मिनिटांत ९१ ला बंद. एसी चालू, हेडलाईट चालू, २५ मिनिटं उभी: ९४ वर गेली आणि तिथेच राहिली. बाहेर तेव्हा पण ३४ च होतं, मुद्दाम तशी वेळ धरली होती, नाहीतर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

महिन्याने परत अर्थच्या बाजूला पडणारं व्होल्टेज मोजलं, ०.१ च आहे. कूलंटची लेव्हल जिथे खूण केली होती तिथेच. रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेत फिन्स गंजून भुगा व्हायला लागल्यात, हात लावला की झडतात, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्याच्या आधी रेडिएटर बदलायचा असं मामांशी ठरलंय आणि त्या दिवशी एसी लावून उभ्या गाडीचं रीडिंग परत घ्यायचं, तोपर्यंत ९४ हा आकडा बोनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलाय.